शोरूमच्या टेबलापलीकडून

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. स्पोर्ट्स कार कोणती घ्यायची ते तू ठरवूनच बसली आहेस, तेव्हा त्यात मी पडत नाही. डीलर कसा वागेल, एवढंच विचारलं आहेस. टेबलापलीकडच्या त्या खुर्चीवर मी नोकरीची बरीच वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेल्समनकडून गाडीची माहिती मिळेल ही आशा सोड. बिचारा दिवसभर एसयूव्ही विकतो. तुझ्यासारखं गिऱ्हाईक त्याच्याकडे क्वचितच येतं, आणि तू व्हिडिओ पाहून पाहून त्या गाडीबद्दल त्याच्यापेक्षा जास्त जाणतेस. वर तो बोलणार तुझ्या पप्पांशी. "सर, कलर कोणता बघायचा?" आणि पैसे भरणारी तू शेजारी बसलेली. चिडू नकोस. शांतपणे म्हण, "कोटेशन माझ्या नावाने काढा." त्याचा सूर लगेच बदलेल. त्याच्याकडून ज्ञान नको, कागद घे. ते तो देऊ शकतो.

सूट मिळेल का? नाही. मे २०२५ मध्ये फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयच्या पहिल्या १५० गाड्या आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आरएसच्या १०० गाड्या, दोन्ही किंमत जाहीर होण्याआधीच बुक झाल्या. अशा मालावर घासाघीस म्हणजे पाडव्याच्या सकाळी श्रीखंडावर सूट मागणं. उलट एखादा हळूच म्हणेल, "वर थोडे द्या मॅडम, तुमचा नंबर पुढे घेतो." तिथून सरळ उठायचं. बुकिंगची रक्कम डीलरच्या खात्यावरच भर, सेल्समनच्या मोबाइलवर एक रुपयाही नाही. रद्द केल्यास किती परत मिळणार आणि किती दिवसांत, ते पावतीवर लिहून घे. बुकिंग फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात बहुतेक वेळा एक ओळ असते: डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू राहील. परदेशातून येणाऱ्या गाडीला ही ओळ महागात पडू शकते, कारण रुपया घसरला की कंपन्या भाव वाढवतात.

म्हणजे मूळ किमतीवर बोलायला जागा नाही. जागा आहे ती कोटेशनच्या खालच्या ओळींमध्ये. तिथे 'हँडलिंग चार्जेस' दिसलं की विचार, हे आरटीओला जातं का? जात नाही. खोडायला लाव. अ‍ॅक्सेसरीज किट, कोटिंग, एक्स्टेंडेड वॉरंटी यातलं तुला हवं तेवढंच ठेव. १ टक्का टीसीएस, म्हणजे डीलर तुझ्याकडून घेऊन सरकारकडे भरतो तो आयकर, मात्र खरा असतो. दहा लाखांवरच्या गाडीला तो लागतोच, पण रिटर्न भरताना तुझ्या करात वळता होतो, तेव्हा तो तुझ्याच पॅनवर जमा झाला ना, हे बघ.

डीलरची खरी कमाई असते विम्यात. नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांचा सक्तीचा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक वर्षाचा पुरतो. बाहेरून विम्याची दोन कोटेशन आणून टेबलावर ठेव, डीलरचा आकडा आपोआप खाली येतो. "बाहेरचा विमा घेतला तर कॅशलेस मिळणार नाही," हे वाक्य तुला ऐकायला मिळणारच. कॅशलेस हा विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातला करार असतो, पॉलिसी कोणी विकली याच्याशी त्याचा संबंध नाही. झीरो डेप घे, म्हणजे क्लेममध्ये सुट्या भागांचा घसारा कापत नाहीत, आणि रिटर्न टू इनव्हॉइस, म्हणजे गाडी गेली तर बिलाची रक्कम देणारं कव्हर, ते तर घेच. नव्या गाडीचा आयडीव्हीसुद्धा, म्हणजे विमा कंपनी धरते ती गाडीची किंमत, एक्स-शोरूम किमतीच्या ९५ टक्केच धरतात. ते कव्हर नसताना गाडी चोरीला गेली तर उरलेली रक्कम, रोड टॅक्स, सगळं तुझ्या अंगावर येतं.

पप्पा म्हणतील, कंपनीच्या नावावर घे, घसाऱ्याची करात वजावट मिळेल. आधी सीएला विचार. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के रोड टॅक्स आहे, कंपनीच्या नावावर २०. पन्नास लाखांच्या गाडीवर साडेसहाचे दहा लाख होतात. गाडी पूर्ण तयार होऊन आयात झालेली असेल तर वैयक्तिक नावावरही २०च लागतात. म्हणून डीलरने कोटेशनमध्ये कोणता दर धरलाय ते आधीच बघ, नाहीतर शेवटच्या आठवड्यात फोन येतो, "मॅडम, थोडा फरक पडतोय."

आता पीडीआय, म्हणजे डिलिव्हरीआधीची गाडीची तपासणी. ही गोष्ट पासिंगच्या आधी करायची. एकदा नाशिकचा एमएच १५ नंबर पडला की गाडी तुझी, मग ओरखडा सापडला तरी टचअपवर बोळवण होते. दसऱ्या-पाडव्याच्या मुहूर्तावर डिलिव्हरी हवी असेल तर निदान आठवडाभर आधी यार्डात जा, भर दिवसा, गाडी धुऊन कोरडी केलेली असताना. बंपर आणि फेंडरचा रंग शेजारी शेजारी जुळतो का, ते तिरकं बसून बघ. टायरच्या भिंतीवर चार आकडी शिक्का असतो. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. चारही टायरांचे शिक्के आसपासचे हवेत. एकच वेगळा निघाला तर का, ते विचार. ओडोमीटरवर जास्त किलोमीटर दिसले तर गाडी डेमोला फिरली होती का, हेही विचार. आणि चॅसिस नंबर गाडीवर, इनव्हॉइसवर आणि फॉर्म २२ वर (गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचं कंपनीचं प्रमाणपत्र) एकच आहे का ते स्वतः अक्षर अक्षर ताडून बघ. फॉर्म २२ वर उत्पादनाचा महिना असतो. गेल्या वर्षीची गाडी नव्या वर्षात देत असतील, तर तिथे मात्र घासाघीस करायला पूर्ण हक्क आहे.

सर्व्हिसबद्दल गोड बोलणं खूप ऐकशील. एकच प्रश्न विचार: या मॉडेलचं काम शिकलेला माणूस नाशिकच्या वर्कशॉपमध्ये आहे, की गाडी दरवेळी फ्लॅटबेडवर चढवून मुंबईला न्यायची? न्यायची असेल तर भाडं कोणाचं? उत्तर ईमेलवर माग. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या मस्टँग या स्पोर्ट्स कारचे मालक सर्व्हिसच्या काळजीने किती धास्तावले होते, विचार कुणालाही.

टेस्ट ड्राइव्हची गाडी नाशिकला मिळेलच असं नाही, मुंबईला जावं लागेल. पण तिथल्या सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चालवून ठरवू नकोस. परत आल्यावर गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स कागदावर लिही आणि गंगापूर रोडचे स्पीडब्रेकर आठव, शिवाय सिंहस्थाच्या कामांसाठी उकरलेले रस्ते. तुमच्या सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प तर आधी टेपने मोजून घे, मागच्या दिवाळीत माझी साधी सेडानसुद्धा तिथे खाली घासली होती.

कोटेशन आलं की फोटो पाठव. खालच्या ओळी मी बघतो. तारीख ठरली की यार्डात मीही येतो, पण सेल्समनशी बोलायचं तूच.

तुझा,
मामा