जेनोसाइड : नरसंहार की वंशविच्छेद?

प्रश्न : २८ ऑगस्ट हा राफाएल लेमकिन यांचा स्मृतिदिन. वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी त्यांच्यावर टिपण लिहिते आहे. त्यांचा उल्लेख 'नरसंहारातून वाचलेले ज्यू कायदेपंडित' असा केला तर चालेल का?

उत्तर : 'नरसंहार' नको. लेमकिन यांच्याबद्दल लिहिताना तर मुळीच नको, कारण 'जेनोसाइड' हा शब्दच त्यांनी घडवला. नरसंहार म्हटलं की पुष्कळ माणसं मारली एवढं कळतं. ती कोण म्हणून मारली, हे कळत नाही, आणि लेमकिन यांचा सगळा रोख त्यावरच होता.

१९३९मध्ये जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्यावर ते वॉर्सातून निसटले आणि लिथुआनियामार्गे स्वीडनला पोचले. तिथे त्यांनी व्याप्त देशांतले नाझी हुकूमनामे जमवायला घेतले. साधे सरकारी कागद ते, पण त्यांनी ते ओळीन् ओळ वाचले. कोणाला किती शिधा मिळणार, ते वंशावरून ठरलेलं. जर्मनीला जोडलेल्या पश्चिम पोलंडमध्ये पोलिश माणसांना लग्नासाठीही खास परवानगी लागे. गोळी न झाडताही एखादा समाज संपवता येतो, हे त्यांनी या कागदांतून ताडलं. अमेरिकेत गेल्यावर १९४४च्या पुस्तकात त्यांनी ग्रीक 'जेनोस' (वंश, जमात) आणि लॅटिन 'कायडेरे' (कापणे, मारणे) यांची सांगड घातली. तोवर त्यांच्या स्वतःच्या घरावर काय ओढवलं होतं, हे त्यांना पुढे कळलं : आईवडिलांसह ४९ नातलग मारले गेले होते. भाऊ एलियास मात्र कुटुंबासह बचावला.

म्हणून माझा कौल 'वंशविच्छेद'ला. 'वंशसंहार'ही रूढ आहे, पण संहारात फक्त मारणं येतं. ९ डिसेंबर १९४८च्या संयुक्त राष्ट्रांच्या जेनोसाइडविरोधी करारात जन्म रोखणं आणि एका गटाची मुलं जबरदस्तीने दुसऱ्या गटात नेणं, हेही गुन्हे आहेत. तोडण्याचा अर्थ 'विच्छेद'मध्ये आहेच, शिवाय तो 'कायडेरे'लाही जवळचा. आपल्याकडे 'निर्वंश' आहे, 'तुझा निर्वंश होवो' हा शापही जुना. पण तो एका घराण्यापुरता. 'वंश'ची अडचण मला मान्य आहे. करारात राष्ट्रीय आणि धार्मिक गटही येतात, ते या शब्दात नीट मावत नाहीत. तरी वाचणाऱ्याला गट लगेच दिसतो, आणि ते मला मोलाचं वाटतं.

या करारासाठी लेमकिन अक्षरशः झिजले. संयुक्त राष्ट्रांत एकेका प्रतिनिधीला गाठायचे, पत्रांवर पत्रं लिहायचे. टिपणात आणखी एक गोष्ट जरूर घ्या. १९४६मध्ये हा विषय आमसभेपुढे मांडणारे तीन देश होते क्युबा, पनामा आणि भारत. भारताने कराराला अंतिम मंजुरी दिली ती २७ ऑगस्ट १९५९ला, म्हणजे लेमकिन न्यूयॉर्कमध्ये वारले त्याच्या आदल्या दिवशी. मराठी टिपणात हे यायलाच हवं.

'वाचलेले' चूक नाही, पण भित्तिपत्रकावर ते 'पुस्तक वाचलेले' असंही वाचलं जाईल. 'बचावलेले' बरं. आणि फक्त बचावण्यावर थांबू नका. असं लिहा : 'ज्यूंच्या वंशविच्छेदातून बचावलेले आणि त्या गुन्ह्याला नाव व कायदा मिळवून देणारे राफाएल लेमकिन'.