तब्येत बरी नव्हती, एवढ्यावर भागत नाही

प्रिय ज्युनियर,

ड्राफ्ट वाचला. एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे आपला अशील हजर नसताना झालेला निकाल, रद्द करायचा अर्ज आणि कारण काय, तर ‘तब्येत बरी नसल्याने हजर राहता आले नाही’. अगं, हेच वाक्य मी पण लिहिलंय, वकिलीच्या दुसऱ्या वर्षी, वर डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडून, आणि समोरच्या वकिलांनी शांतपणे त्याच तारखेचं रजिस्टर खरेदीखत काढलं, त्यावर आमच्या अंथरुणाला खिळलेल्या अशिलाचा फोटो, अंगठा, सगळं. अर्ज गेलाच, आणि नंतर कितीतरी दिवस त्या कोर्टात उभं राहायची लाज वाटायची.

म्हणून ड्राफ्ट बाजूला ठेव, आधी रोजनाम्याची, म्हणजे कोर्टातल्या तारीखवार नोंदींची, नक्कल काढ आणि समन्स बजावणाऱ्या बेलिफचा रिपोर्ट नीट वाच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९ रूल १३ मध्ये दोनच दारं आहेत, एकतर समन्सची बजावणी नीट झाली नाही किंवा त्या तारखेला न येण्याला पुरेसं कारण होतं. तू म्हणतेस समन्स अशिलाच्या पुतण्याने घेतलं आणि तो तीन वर्षं वेगळा राहतोय. मग तब्येत कशाला मध्ये आणतेस! समन्स घरच्या माणसाला देता येतं, पण तो सोबत राहणारा सज्ञान माणूस लागतो. वेगळं रेशनकार्ड, लाइट बिल, जे मिळेल ते जोड. फक्त एक बघ, अशिलाला तारीख दुसरीकडून कळली होती का? कळली असेल आणि यायला वेळ पण होता, तर बजावणीतल्या नुसत्या चुकीवर हुकूमनामा रद्द होत नाही. हे त्याला ऑफिसात दार लावून विचार, पुतण्यासमोर नको.

मुदत ३० दिवस. बजावणी नीट झाली असेल तर हुकूमनाम्यापासून, नसेल तर कळल्यापासून, म्हणजे तुझ्या केसमध्ये दरखास्तीची (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची) नोटीस आली त्या दिवसापासून. तरी विलंब माफीचा अर्ज सोबत देच, कोर्टाला बजावणी बरोबर वाटली तर काय करशील? एन. बालकृष्णन केसमध्ये (१९९८) सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की उशीर किती झाला यापेक्षा खुलासा पटतो का ते महत्त्वाचं. पण खुलासा पटायला तारखा लागतात, नोटीस कधी आली, नक्कल कधी मागितली, कधी मिळाली, मधे आठ दिवस काहीच केलं नसेल तर ते पण लिही. आणि आधीच्या वकिलावर सगळं ढकलू नकोस, कधीकधी चालतं, पण मग कोर्ट विचारतं की तुम्ही स्वतः एकदा तरी चौकशी केलीत का.

अपिलाची घाई करू नकोस. अपील निकाली निघालं की, मागे घेतलं असेल तर गोष्ट वेगळी, हा अर्ज चालतच नाही.

दरखास्तीला स्टे, म्हणजे स्थगिती, मागायचा अर्ज वेगळा टाइप कर, आणि अशिलाला सांग कॉस्ट, म्हणजे समोरच्याचा खर्च, भरायची तयारी ठेव. शनिवारी ये, रोजनामा घेऊन.

तुझा,
सर