तुमचे प्रश्न : ओढ्याच्या काठावर काय लावायचं?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या मागून ओढा जातो, आता सगळे त्याला नालाच म्हणतात. दर पावसाळ्यात काठ थोडा थोडा ढासळतोय आणि आता कंपाउंडच्या भिंतीपर्यंत यायला लागलाय. आम्ही काही जण मिळून झाडं लावणार आहोत. नर्सरीवाला म्हणतो गुलमोहर घ्या, भराभर वाढतो. घ्यावा का?

उत्तर : नका घेऊ. गुलमोहराची मुळं वरवर पसरतात, लाकूड ठिसूळ, ओल्या काठावर वाऱ्याने आडवा झाला की मुळांसकट काठाचा मोठा लचका तोडणार आणि वर प्रवाहात पडून पाणी तुंबवणार. पण कुठलं झाड हे नंतर बघू, आधी पाणी कुठपर्यंत चढतं ते बघा. पूर ओसरल्यावर झुडपांना प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिंध्या लटकलेल्या दिसतात ना, त्यांची उंची बघा, तीच तुमची पुराची रेघ.

आता पाण्याला अगदी लागून मोठं झाड लावायचंच नाही, तिथे वाकणारी आणि पाणी ओसरलं की परत सरळ होणारी मंडळी हवीत. वाळा, लव्हाळा, शेरणी. शेरणी म्हणजे नदीच्या पात्रात खडकांमधे दिसणारं ते लांबट अरुंद पानांचं झुडूप, पूर अंगावरून गेला तरी जागा सोडत नाही. वाळ्याची मुळं पसरत बसत नाहीत, सरळ खाली जातात, माती चांगली असेल तर 2-3 मीटरसुद्धा. त्याच्या वर उतारावर निरगुडी आणि वाळुंज, आणि अगदी वरच्या सपाटीला अर्जुन, जांभूळ, करंज. उंबरही ओढ्याकाठचाच, फक्त भिंतीपासून चांगला लांब ठेवा नाहीतर भिंत आधी जाईल.

निरगुडी आणि वाळुंज यांची रोपं विकत आणायची गरज नाही, फांद्या लागतात. अंगठ्याएवढी जाड ताजी फांदी घ्या, बुडाचं टोक तिरकं कापा, आधी पहारीने भोक पाडा (थेट ठोकली तर साल सोलवटते) आणि दोन तृतीयांश लांबी मातीत जाईल अशी घालून माती पायाने घट्ट दाबा. डोळे वरच्या बाजूला हवेत हं, घाईत हमखास उलटी लावली जाते. वरची झाडं पहिल्या चांगल्या पावसानंतर लावा, पण खालची लागवड मोठे पूर होऊन गेल्यावर, माती ओली आहे तोवर, नाहीतर मुळं धरायच्या आत सगळं वाहून जाईल.

एक मात्र तपासा. काठ वरून ढासळताना दिसतो पण बहुतेक वेळा दुखणं खाली असतं, पाणी पायथ्याची माती पोखरतं आणि वरचा भाग अधांतरी राहून कोसळतो. तुमच्याकडे काठ भिंतीसारखा उभा कापला गेला असेल तर नुसत्या झाडांनी भागणार नाही, आधी पायथ्याला दगड, उतार कमी करणं, त्यावर काथ्याची जाळी आणि मग लागवड. हे काम पालिकेला विचारल्याशिवाय आणि जाणकार इंजिनियरला दाखवल्याशिवाय करू नका, कारण तुमच्या बाजूला दगड टाकले की पाणी समोरच्या काठावर जाऊन आपटतं.

प्रश्न : झुडपं वाढली की डास आणि साप वाढतील असं शेजारचे म्हणतात.

उत्तर : डासांची पैदास साचलेल्या पाण्यात होते, झुडपात नाही, दिवसा ते सावलीत बसतात एवढं खरं. अडकलेला कचरा काढून पाणी वाहतं ठेवा. साप उंदरांमागे येतो, उंदीर खरकट्यामागे, तेव्हा काठावर कचरा टाकणं बंद करायला लागेल, ते शेजारच्यांनाही सांगा.

प्रश्न : झाडं लावली की पाण्याचा वास जाईल का?

उत्तर : नाही. काठावरचं गवत-झुडपं पावसाबरोबर वाहत येणारा गाळ आणि थोडंफार खत अडवतात, सावलीने पाणी गार राहतं आणि गार पाण्यात ऑक्सिजन जास्त टिकतो. पण सांडपाण्याचा पाइप काठाला वळसा घालून थेट पात्रात सुटत असेल तर झाड बिचारं काय करणार. तो पाइप बंद होईपर्यंत वास राहणार.

प्रश्न : गेल्या वर्षी लावलेली बरीचशी रोपं उन्हाळ्यात मेली. पाणी शेजारी असून असं का?

उत्तर : पाणी शेजारी असलं तरी वरच्या सपाटीवरच्या लहान रोपाची मुळं तिथवर पोचलेली नसतात. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं, रोज चुळकाभर नको, आठवड्यातून एकदोनदा भरपूर द्या. एखादं मेलेलं रोप उपटून बघा, मुळं पिशवीच्या आकारातच गोल गुंडाळलेली दिसली तर समजा बाहेर निघालीच नाहीत. लावताना पिशवी पूर्ण काढायची आणि गुंडाळलेली मुळं दोन-तीन ठिकाणी उभी चिरायची. सुबाभूळ आणि घाणेरी आपोआप उगवतील, ती लहान असतानाच उपटा. बाकी गवत मात्र रोपाभोवती हातभरच काढायचं, अख्खा उतार साफ केलात तर पुढच्या पावसात माती ओढ्यात, आणि गवत कापायचं मशीन बुंध्याजवळ नेऊ नका, साल चौफेर कापली गेली की रोप मरतं.