फ्लोराइडचं पाणी उकळून काय उपयोग?

तुम्ही लिहिलंय, पांढरकवड्याजवळच्या तुमच्या गावी बोअरच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 2.8 मिलिग्रॅम निघालं, दहा वर्षांच्या थोरलीच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत, धाकटा तीन वर्षांचा आहे आणि आई सगळ्यांना पाणी खळखळ उकळून देतात. आईंना सांगा, उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड पातेल्यातच राहतं. दोन लिटरचं आटून दीड लिटर झालं की 2.8 चं 3.7 होतं! भारतीय मानकात मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे, दुसरी सोयच नसेल तर 1.5.

थोरलीचे पट्टे आता आपोआप जाणार नाहीत. ते पक्के दात हिरडीत तयार होत असतानाच पडतात. धाकट्याचं मात्र अजून हातात आहे, म्हणून घाई त्याच्यासाठी करा.

आणि मोठ्यांचं? माझ्या आजोळी एक मामा होते. हाक मारली की नुसती मान वळायची नाही, अख्खे वळायचे. आम्ही पोरं नक्कल करायचो. घरचे वात म्हणायचे. हाडांत साठलेलं फ्लोराइड होतं, हे फार उशिरा कळलं.

‘बोअर अजून शंभर फूट खाली न्या’ असं कोणी सांगितलं तर लगेच ऐकू नका. पाणी खडकात जितकं मुरलेलं, तितकं बहुधा फ्लोराइड जास्त. उथळ विहीर यात बरी असते, पण शेजारी उकिरडा किंवा शौचखड्डा असेल तर नायट्रेट तपासा (मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम). वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला ते घातक ठरू शकतं आणि तेही उकळून जात नाही.

फिल्टरवाला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार सांगणारं यंत्र, दाखवेल. त्यात फ्लोराइड वेगळं कळत नाही. पाण्यात विजेच्या सळ्या घालून ते तपकिरी करून दाखवलं, तर तो रंग सळीच्या लोखंडाचा. चांगला आरओ फ्लोराइड बराच काढतो. बसवल्यावर त्यातून आलेलं पाणी मात्र तपासून घ्या. आंघोळीला, धुण्याला बोअरचंच चालेल. प्यायला आणि वरण-भाताला वेगळं हवं. भात ते पाणी शोषून घेतो, हे घरोघरी विसरतात.

नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घ्या, त्याच पाण्याने तीनदा विसळून. एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळ्यानंतर. दोन्ही आकडे इथे टाका, मग फिल्टरचं बोलू.