जाहिरातीत न आलेला, भाडेकरू असलेला फ्लॅट गुंतवणुकीसाठी कसा शोधावा?

पुण्यापुरतं सांगतो. वेबसाइटवर फ्लॅट आला की एजंटांची रांग लागते. त्याआधी पोहोचायचं तर सोसायटीचा सेक्रेटरी गाठा. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते (सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत), त्यामुळे कुठले मालक बाहेरगावी राहतात हे त्याला तोंडपाठ असतं.

वॉचमनला तर त्याहून जास्त कळतं. माझा कोथरूडचा वन बीएचके असाच मिळाला. मालक नाशिकला, दर अकरा महिन्यांनी नवा भाडेकरू शोधून वैतागलेले. "काका आता काढून टाकायचं म्हणतायत," असं वॉचमन गेट उघडता उघडता बोलून गेला. मी त्याच संध्याकाळी फोन लावला.

भाव मात्र मालकाच्या तोंडी आकड्यावर ठरवू नका. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच इमारतीतल्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, त्यात किंमत दिसते) पाहा. लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे भाडेकरार) नोंदवलेला आहे का, मुदत कधी संपते, आणि भाडेकरूची अनामत तुमच्याकडे वळती होणार का, हे टोकन देण्याआधीच लिहून घ्या. मालक परदेशात राहणारा असेल तर आधी सीएला विचारा. तिथे नेहमीचा १ टक्का टीडीएस (खरेदीदाराने किमतीतून कापून सरकारकडे भरायचा कर) कापून भागत नाही.