पिकअपले टायर घेतोस, तर हे आयक

भाऊ, नक्षी पाहून भुलू नको. नागपूर-अमरावती हायवेवर जनरेटरचा ट्रेलर ओढायचा अन् आठवड्यातून दोनदा गिट्टीखाणीत शिरायचं, तर मोठ्या गट्ट्यांचे टायर पक्क्या रस्त्यावर नुसते घुमतात अन् लवकर घासतात. मधल्या नक्षीचे, जाड बाजूचे रेडियल घे. बाजूवरचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन झेलते त्याचा आकडा, वाच: 121 म्हणजे एका टायरवर 1450 किलो. ट्रेलरच्या हुकाचा भार मागच्याच चाकांवर येते, तो धरून हिशेब कर. 2324 छापलं असलं तर टायर 2024 च्या 23 व्या आठवड्यातला.

हवा सकाळी, टायर थंड असताना मोज. मी एकदा मे महिन्यात भर दुपारी ‘जास्त झाली’ म्हणून काढून बसलो होतो. मग कमी हवेनं बाजू तापून टायर फुटला. पावसाळ्यात काळ्या मातीत मात्र कोणतीच नक्षी चालत नाही, चिखल भरून टायर गुळगुळीत होते. तिथं ट्रॅक्टरवाल्याचा नंबर जवळ ठेव.