माळ न काढता बॉडी होते का? होते, पण आधी वरण घट्ट कर

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय २४, वजन ५८, आजोबांबरोबर वारी करून आल्यावर तूही माळ घातलीस, कात्रजला रूमवर राहतोस, दोन्ही वेळ मेसचा डबा, अंडंसुद्धा नाही, आठ महिने जिमला जाऊन वजन वाढलं दीड किलो. आणि ट्रेनर म्हणतोय की अंडी-चिकन नसेल तर बॉडी विसर, नाहीतर हा पावडरचा डबा घे. शेवटी हळूच विचारलंयस की रूममेटने तर दूधपण सोडलंय, त्याचं कसं होणार.

मी कऱ्हाडकडचा, घर तीन पिढ्यांचं माळकरी, वय ३९, २००६ पासून वजनं उचलतोय. सुरुवात ६० किलोच्या डेडलिफ्टने (जमिनीवरून वजन उचलणं) केली होती, तीही कमरेतून वाकून, आज १४० नीट उठतं. माळ गळ्यात आहे, बेंच मारताना तेवढी बनियनच्या आत टाकतो.

ट्रेनर चुकतोय पण अर्धाच. मांसाशिवाय बॉडी होत नाही हे खोटं, पण तुझ्या ताटात प्रोटीन नाही हे खरं आहे रे. आपण म्हणतो आम्ही डाळ खातो, पण मेसचं वरण बघ, डाळ नुसती पाण्यात डोकावून गेलेली असते. हिशोबच करू. एका पोळीत साधारण ३ ग्रॅम, सहा पोळ्यांचे १८. भात दोन वेळचा ५. दोन वाट्या पातळ वरण मिळून ७. भाजी ४. सकाळचे पोहे आणि चहातलं दूध ६. झाले ४०. आणि तुला मसल वाढवायला वजनाच्या किलोमागे साधारण १.६ ग्रॅम लागतात, म्हणजे ९३ च्या आसपास. निम्म्यावर पण नाहीस, मग बायसेप काय हवेतून येणार?

मी पण दोन वर्षं हेच केलं. गावातल्या तालमीतली म्हातारी माणसं सांगायची दूध-तूप-बदाम, म्हणून मी रोज दहा बदाम भिजवून खायचो आणि स्वतःला पैलवान समजायचो. दहा बदामांत प्रोटीन किती तर अडीच ग्रॅम. पैलवानाची थंडाई त्याच्या हजार जोर-बैठकांना पुरते कारण तिच्यात अंगात दम येईल एवढं तूप-साखर आहे आणि वर तो दोन-तीन लिटर दूध रिचवतो, आपण त्यातले फक्त बदाम उचलले. केळी-दुधाने माझं पोट तेवढं पुढे आलं. मग एक आठवडा किचनचा काटा घेऊन सगळं मोजलं तर ६४ किलो वजनाला दिवसाचे ४६ ग्रॅम निघाले. त्या दिवशी डोळे उघडले.

तुझ्यासाठी रूमवर जमेल असं सांगतो. सोया चंक्स, कोरडे ५० ग्रॅम, त्यात २६ ग्रॅम प्रोटीन. किटलीत पाणी उकळून दहा मिनिटं भिजव, मग गार पाण्यात दोनदा घट्ट पिळ, पिळणं महत्त्वाचं, तो जो हिरवट वास येतो ना तो त्या पाण्यात निघून जातो. मग ते डब्यातल्या भाजीत नाहीतर वरणात ढकल, कांदा-लसूण मसाला घाल, चातुर्मासात कांदा-लसूण बंद असेल तर काळा मसाला आणि दाण्याचं कूट. पहिल्या आठवड्यात २५ ग्रॅमच घे नाहीतर रूममेट तुला बाहेर झोपवेल. अर्धा लिटर दूध किंवा तेवढंच दही, १६. मूठ-दीड मूठ फुटाणे, म्हणजे ५० ग्रॅम, १०. बेरीज ५२, आधीचे ४०, झाले ९२. यात पाच हजाराचा डबा कुठे आला सांग.

सोयाने पुरुषांचे हार्मोन बिघडतात हे पण तुला कोणीतरी ऐकवणारच. नेहमीच्या प्रमाणात सोया खाऊन टेस्टोस्टेरॉन कमी होत नाही, हे बऱ्याच अभ्यासांत तपासून झालंय. मी तेरा वर्षं खातोय, दोन पोरं आहेत, अजून काय पुरावा देऊ.

आता ज्या गोष्टी आपल्याकडे उगाच डोक्यावर चढवल्यात. मोड आलेली कडधान्यं चांगलीच, पचतात बरी, पण मोड आल्याने प्रोटीन वाढत नाही, पाणी वाढतं. वाटीभर मोड खाऊन बॉडी होते हा गैरसमज. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन आहे खरं पण सोबत साडेपाचशेच्या वर कॅलरी येतात, तुझ्यासारख्या काटकुळ्याला ते फायद्याचंच, माझ्यासारख्याने सांभाळून. उलट ज्याला कोणी भाव देत नाही ते आपलं पिठलं, ६० ग्रॅम बेसनाच्या पिठल्यात १३ ग्रॅम प्रोटीन बसतं. हुलग्याचं माडगं, मटकीची घट्ट उसळ, मूगडाळीची धिरडी, गावी गेलास की आईला हे सांग, भात एक पळी कमी आणि आमटी भाकरीवर उभी राहील एवढी घट्ट. प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं त्यातलं लायसिन धान्यात कमी असतं, मेथिओनिन डाळीत कमी, दोन्ही दिवसभरात पोटात गेलं की भागतं, एकाच घासात जावं लागत नाही.

एकादशीचं पण सांगतो कारण तुझा खरा घोळ तिथे होणार. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच. मी एकादशीला दही, पनीर, दाणे, राजगिऱ्याची भाकरी यावर राहतो आणि त्या दिवशी पायांचा व्यायाम ठेवत नाही. एकदा निर्जळी आषाढीला स्क्वॉट मारायला गेलो होतो, रॅकला टेकून दहा मिनिटं बसलो, पांडुरंग दिसायचाच बाकी होता.

पावडर वाईट नाही. व्हे म्हणजे दुधाचंच, चीज करताना उरलेल्या पाण्यातलं, एका स्कूपला २०-२४ ग्रॅम. आमच्या आईला दुधाची पावडर म्हणून सांगितलं आणि ते खोटंही नव्हतं. (चीजसाठी दूध घट्ट करायला लागणारं रेनेट कधी कधी जनावराचं असतं, म्हणून डब्यावर हिरवा ठिपका बघूनच घे.) पण आधी ताट सुधार, मग घ्यायचा तर डायरेक्ट कंपनीकडून घे, नकली माल खूप आहे, मी २०११ मध्ये ओळखीच्या दुकानातून स्वस्तात उचललेला डबा शेवटी संडासात ओतला. त्यापेक्षा क्रिएटिन मोनोहायड्रेट बघ, स्नायूंना जोर लावायला मदत करणारी पावडर, रोज ३ ते ५ ग्रॅम. ते निसर्गात मांस-मासळीत असतं म्हणून शाकाहाऱ्यांच्या स्नायूंत त्याचा साठा मुळातच कमी असतो, पण बाजारातलं फॅक्टरीत केमिकलपासून बनतं, माळकऱ्यालाही चालतं. किडनीचा काही त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टर, आणि रक्त तपासताना क्रिएटिन घेतो हे सांगायचं, किडनीच्या तपासणीतला क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर दिसू शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, व्हिटॅमिन बी१२. २०१३ मध्ये मला तळपायाला मुंग्या यायला लागल्या. मला वाटलं डेडलिफ्टने शीर दबली, दोन महिने कंबर शेकत बसलो. तेव्हा शिफ्टची नोकरी, दूध म्हणजे फक्त चहातलं. शेवटी टेस्ट केली तर ११८ आलं, रेंज २०० च्या वरची. इंजेक्शनं झाली, मग गोळ्या, मुंग्या जायला तीन-चार महिने लागले. हे फक्त माझं नाही, पुण्यातच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांच्या टीमने ४४१ पुरुष तपासले होते तेव्हा तिघांतल्या दोघांचं बी१२ कमी निघालं होतं. डाळ, पालेभाजी, स्पिरुलिना (शेवाळाची पावडर), कशातही कामाचं बी१२ नाही. तेव्हा ट्रेनरला पैसे द्यायच्या आधी बी१२, डी३ आणि हिमोग्लोबिन तपासून घे. आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नकोस, लोह शोषलं जात नाही, त्याऐवजी आमटीवर लिंबू पिळ.

व्यायामाचं थोडक्यात, तू आठ महिने तेच वजन उचलतोयस असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतंय. वही कर. स्क्वॉट, बेंच, रो, डेडलिफ्ट, खांद्याचा प्रेस, आठवड्यातून तीन-चार दिवस, आणि दर वेळी मागच्यापेक्षा एक रेप (उचलण्याची एक खेप) जास्त नाहीतर अडीच किलो जास्त. महिन्याला अर्धा ते एक किलो वजन वाढलं तरी खूप झालं.

रूममेटला सांग की त्याचंही होतं. ब्राझीलमध्ये २०२१ साली एक अभ्यास आला, १९ व्हीगन (दूधसुद्धा न घेणारी) पोरं आणि १९ मांसाहारी, दोघांनाही किलोमागे १.६ ग्रॅम प्रोटीन, १२ आठवडे पायांचा व्यायाम, आणि मसल-ताकद दोन्हीकडे सारखीच वाढली. फक्त कमी पडणारं प्रोटीन व्हीगनांना सोयाचं दिलं होतं आणि मांसाहाऱ्यांना व्हेचं. म्हणजे त्याने दुधाच्या जागी बिनसाखरेचं सोया मिल्क, पनीरच्या जागी टोफू, कॅल्शियमला नाचणी आणि तीळ, आणि बी१२ ची गोळी कायमची. त्या गोळीत त्याला सूट नाही, तुला दुधामुळे थोडी तरी आहे.

रिपोर्ट आले की आकडे टाक, आणि डब्याचा एक फोटो पण टाक, वरण किती पातळ आहे ते बघूनच पुढचं सांगतो.